स्विमिंगच्या हीट, सेमी आणि फायनल: नाशिकच्या पालकांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ आल्या की सावरकर तलावाच्या बाकड्यांवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी टाकतोय. मी स्पर्धांना टाइमकीपर म्हणून लेनच्या तोंडाशी उभा असतो, कोच नाही, त्यामुळे बटरफ्लाय कसा सुधारायचा वगैरे मला विचारू नका. खाली जे नियम आहेत ते वर्ल्ड ॲक्वाटिक्सचे, म्हणजे आधी जिला फिना म्हणायचे तिचे. आपल्याकडच्या स्पर्धा तेच धरून चालतात, लोकल मीटमध्ये आयोजक थोडंफार इकडंतिकडं करतात पण ते परिपत्रकात लिहिलेलं असतं. परिपत्रक वाचत जा हो, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

१. हीट म्हणजे नेमकं काय? सगळ्यांना एकदमच का नाही सोडत?

तलावात लेन आठ, कुठं सहा, कुठं दहा, आणि नावं आली चाळीस, तर एकदम सोडणार कसं. म्हणून आठ-आठचे गट करून पळवतात, आपलं, पोहवतात, त्या प्रत्येक गटाला हीट म्हणायचं. सगळ्या हीट झाल्या की सगळ्यांचे टाइम एका यादीत लावतात आणि वरचे पुढच्या राउंडला जातात. मोठ्या स्पर्धेत हीटनंतर सेमी आणि मग फायनल, आपल्याकडे बहुतेक वेळा हीटनंतर थेट फायनल. नावंच आठ किंवा कमी आली तर हीट होतच नाही, एकच रेस आणि तीच फायनल.

२. सर, माझी मुलगी तिच्या हीटमध्ये पहिली आली, तरी फायनलच्या यादीत नाव नाही. असं कसं?

हा प्रश्न दर स्पर्धेला येतो, आणि बऱ्याचदा चिडून येतो. तर हीटमधला नंबर फायनलसाठी धरतच नाहीत, फक्त टाइम धरतात. समजा १०० मीटर फ्रीला, म्हणजे फ्रीस्टाइलला, पाच हीट आहेत आणि तुमची मुलगी पहिल्या हीटमध्ये १:१२.४० मारून पहिली आली, टाळ्याबिळ्या पडल्या, आजीनं व्हिडिओ काढला. आता पाचव्या हीटमध्ये सहावी आलेली मुलगी १:११.९५ मध्ये आली असेल तर यादीत ती सहावीवाली तुमच्या मुलीच्या वर. पाचही हीटचे टाइम एकत्र लावून वरचे आठ घेतले, त्यात १:१२.४० बसला तर बसला.

आणि हीट जास्त असल्या की सुरुवातीच्या हीटमध्ये स्लो एन्ट्री टाइमवाली (नाव देताना फॉर्मवर लिहितात तो टाइम) पोरं असतात, त्यामुळे तिथं पहिलं येणं त्यामानानं सोपं जातं. मुद्दाम कुणी खाली टाकत नाही, ते वाटप कसं होतं ते प्रश्न ५ मध्ये आहे. उलटंही होतं बरं का, शेवटच्या हीटमध्ये सातवा आलेला पोरगा तोंड पाडून टॉवेल गुंडाळून बसलेला असतो आणि अर्ध्या तासानं भिंतीवर लिस्ट लागते तर हा फायनलमध्ये. तेव्हा हीट संपल्यावर "कितवा आलास" विचारू नका, "टाइम काय आला" विचारा.

३. सेमीफायनल सगळ्या रेसला असते का?

नाही. ऑलिम्पिक आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला ५०, १०० आणि २०० मीटरच्या रेसला हीट, सेमी, फायनल असे तीन राउंड. हीटमधून १६ जण सेमीला, सेमीच्या दोन रेस, त्यातून टाइमवर ८ जण फायनलला. इथंही सेमीत चौथा आलास की नक्की असं काही नसतं, दोन्ही सेमीचे टाइम एकत्र लावतात. ४०० आणि त्यापुढच्या रेसला सेमी नाही, हीटमधून थेट आठ फायनलला, रिलेलाही तसंच. कारण सरळ आहे, १५०० मीटर तीनदा पोहायला लावलं तर पोहणारा फायनलला निवांत झोपून जाईल.

४. टाइम्ड फायनल म्हणतात ते काय?

यात हीटच फायनल असते. सगळ्या गटांनी एकदाच पोहायचं, टाइम एकत्र लावायचे, पहिले तीन टाइम म्हणजे गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. ८०० आणि १५०० ला हे फार चालतं, आणि जिल्हा पातळीवर एका दिवसात सगळं उरकायचं असतं तेव्हा ५० मीटरसुद्धा असंच उरकतात. परिपत्रकात टाइम्ड फायनल लिहिलंय का हे आधी बघून ठेवा, कारण नसेल बघितलं तर पोरगं "फायनलला जोर लावू" म्हणून हीट आरामात पोहतं आणि मग कळतं की फायनल होऊन गेली. टाइम्ड फायनलमध्ये तुमच्या बाजूला मेडलचा खरा स्पर्धक असेलच असं नाही, तो दुसऱ्या गटात असू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याला मागं टाकलं म्हणून शेवटचे दहा मीटर ढिले सोडायचे नाहीत.

५. कोण कुठल्या हीटमध्ये आणि कुठल्या लेनमध्ये हे कोण ठरवतं? चिठ्ठ्या टाकतात का?

चिठ्ठ्या नाहीत, एन्ट्री टाइमवर ठरतं, याला सीडिंग म्हणतात. हे एकदा उदाहरणानं समजून घ्या म्हणजे दरवेळी शंका येणार नाही.

समजा १०० फ्रीला २१ नावं, तलाव आठ लेनचा. तीन हीट, प्रत्येकी सात जण. सगळ्यात फास्ट एन्ट्री टाइमवाला जातो तिसऱ्या हीटला लेन ४ मध्ये. दुसरा जातो दुसऱ्या हीटला लेन ४, तिसरा पहिल्या हीटला लेन ४. मग परत तिसऱ्या हीटपासून सुरू, चौथा तिथं लेन ५ ला, पाचवा दुसऱ्या हीटला लेन ५, सहावा पहिल्या हीटला लेन ५. पुढचे तिघं लेन ३, मग लेन ६, मग २, ७, १, आणि शेवटी ८. आपल्या उदाहरणात सातच जण आहेत म्हणून प्रत्येक हीटची लेन ८ रिकामी. म्हणजे काय होतं की टॉपचे तिघं तीन वेगळ्या हीटमध्ये जातात, सकाळीच एकमेकांची डोकी फुटत नाहीत.

नावं जास्त असली आणि चार किंवा जास्त हीट झाल्या तर हे असं वाटून देणं फक्त शेवटच्या तीन हीटमध्ये करतात, त्याच्या आधीच्या हीटमध्ये उरलेले, जसजसं मागं जाल तसतसे स्लो. ४०० आणि पुढच्या रेसला शेवटच्या तीनऐवजी शेवटच्या दोन हीट. टाइम्ड फायनल असेल तर असं वाटत नाहीत, सरळ स्लो गट आधी आणि फास्ट गट शेवटी.

सेमीला हीटच्या टाइमवर नवीन सीडिंग होतं, हीटमध्ये सगळ्यात फास्ट आलेला दुसऱ्या सेमीत लेन ४ ला, दुसरा पहिल्या सेमीत लेन ४ ला. फायनलला परत नवीन. लेन मोजायची कशी हेही लोक विचारतात, तर स्टार्टच्या बाजूला तलावाकडं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताची लेन १.

६. कडेची लेन मिळाली म्हणजे गेलंच ना सगळं?

मधल्या लेनवाल्याला दोन्ही बाजूचे स्पर्धक दिसतात, कडेवाल्याला एकाच बाजूचे, आणि जुन्या तलावात भिंतीवर आपटून लाटा परत येतात त्याचा कडेला त्रास होतो हे खरंय. पण टोकियो ऑलिम्पिकला ४०० मीटर फ्रीच्या फायनलला ट्युनिशियाचा अहमद हाफनाऊई हीटमधून आठवा, म्हणजे सगळ्यात शेवटचा येऊन पोचला होता, लेन मिळाली ८, वय १८, आणि ३:४३.३६ मारून गोल्ड घेऊन गेला. मधले सगळे एकमेकांवर लक्ष ठेवून होते, कडेला काय चाललंय ते कुणाच्या ध्यानात नव्हतं असं मला तरी ती रेस बघून वाटतं. त्यामुळे लेन १ आली म्हणून पोराला आधीच सहानुभूती देऊ नका.

७. एन्ट्री टाइम काय लिहायचा? कमी लिहिला तर चांगली लेन मिळेल ना?

मिळेल. आणि मग लेन ४ मध्ये उभं राहून सगळ्यांच्या मागं येशील, सगळा तलाव बघेल. मागच्या अधिकृत स्पर्धेतला टाइम लिहायचा, कोचनं प्रॅक्टिसला ढकलून स्टार्ट दिलेला टाइम नाही. टाइमच नसेल तर एनटी लिहितात, म्हणजे नो टाइम, अशी नावं यादीत सगळ्यात शेवटी जातात. पहिल्यांदाच पोहणाऱ्याला एनटी असण्यात काही कमीपणा नाही, पहिल्या हीटमध्ये जरा मोकळं पाणी मिळतं उलट.

एक गोम आहे ती सांभाळा. २५ मीटरच्या तलावावरचा टाइम आणि ५० मीटरच्या तलावावरचा टाइम सारखा नसतो. १०० मीटरला २५ च्या तलावात तीन टर्न मिळतात, ५० च्या तलावात एकच, आणि प्रत्येक टर्नला भिंतीला लाथ मारून फुकटचा स्पीड मिळतो, म्हणून छोट्या तलावाचा टाइम कमी दिसतो. सोसायटीच्या किंवा क्लबच्या छोट्या तलावावर प्रॅक्टिस करणारी पोरं बालेवाडीला जाऊन पहिल्यांदा सलग पन्नास मीटर बघतात आणि तिसाव्या मीटरला भिंत शोधायला लागतात. स्पर्धेआधी काही दिवस तरी ५० मीटरवर पोहवा.

८. शाळेकडून खेळायचं की क्लबकडून? दोन्ही एकच आहे का?

दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हीवरून जाता येतं. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. नाशिक मनपा क्षेत्र वेगळं आणि ग्रामीण वेगळं धरतात, तिथून विभाग, तिथं धुळे, जळगाव, नंदुरबारची पोरं भेटतात, मग राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय. दुसरा रस्ता जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या ज्युनियर, सीनियर नॅशनलचा, तिथं वयाचे ग्रुप वेगळे पडतात.

शालेयला खालच्या पातळीवर पुढं जाणं बहुतेक नंबरावर ठरतं, किती नंबर पुढं जाणार ते त्या वर्षीच्या परिपत्रकात येतं. म्हणजे तुमच्या इव्हेंटला नावं कमी असली तर साधारण टाइमवरसुद्धा विभागाला जाता येतं, २०० बटरफ्लायला असं हमखास होतं कारण पोरं त्या नावानंच घाबरतात. संघटनेच्या रस्त्यावर मात्र टाइम जास्त बघतात. जन्मतारखेचा दाखला, शाळेचं ओळखपत्र वगैरे आदल्या दिवशी शोधू नका, प्लीज. दरवेळी कुणीतरी काका द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून फोन करत असतात की पाच मिनिटं थांबा, आधार कार्ड घेऊन येतोय.

९. हीटच्या दिवशी पोराला नेमकं कुठं जायचं, कधी जायचं हे कळतच नाही. काय करावं?

भिंतीवर स्टार्ट लिस्ट लागते, त्यात इव्हेंट नंबर, हीट नंबर आणि लेन नंबर असतो. फोटो काढून घ्या, कारण दुपारपर्यंत ओल्या बोटांनी तो कागद पुसट होऊन त्याचा लगदा झालेला असतो. पोराच्या हातावर बॉलपेननं नाही, मार्करनं लिहा, इव्हेंट १२, हीट ३, लेन ६ असं तीन ओळीत, मनगटाच्या वर आतल्या बाजूला, म्हणजे चष्मा लावताना दिसतं. आपल्या इव्हेंटच्या आधीचे एक-दोन इव्हेंट चालू असताना मार्शलिंगला जाऊन बसायचं, तिथं बाकावर हीटप्रमाणे बसवतात. नाव पुकारलं आणि तुम्ही पाणीपुरीच्या गाडीवर असाल तर डीएनएस लागतो, डिड नॉट स्टार्ट, आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही.

१०. टाइम हातातल्या घड्याळावर घेतात, त्यात चूक होत नाही का?

टचपॅड, म्हणजे हात लागला की आपोआप टाइम पकडणारी भिंतीवरची पाटी, असला की तोच टाइम अधिकृत. पॅड नसेल तर लेनला तीन टाइमकीपर ठेवायचे असा नियम आहे. तीनपैकी दोन घड्याळं सारखी दाखवत असतील तर तो टाइम, तिन्ही वेगळी असतील तर मधला. १:०५.३१, १:०५.४४ आणि १:०५.६० आले तर १:०५.४४ लागतो, सरासरी काढत नाहीत. एक घड्याळ बंद पडलं आणि दोनच चालली तरच त्या दोघांची सरासरी. पालकांनी स्टँडवरून मोबाइलवर घेतलेला टाइम कधीच जुळणार नाही, तुम्ही आवाजावर बटण दाबता आणि आम्ही स्टार्टच्या दिव्याकडं बघून दाबतो, आणि शेवटी हात नेमका भिंतीला कधी लागला ते तुम्हाला तिकडून दिसत नाही.

टचपॅडला हात हलका लागला तर पॅड टाइम पकडत नाही हे खरंय, म्हणून बॅकअप बटण घेऊन माणूस उभा असतो, तो टाइम वापरतात. पण पोरांना शिकवा की भिंत जवळ आली की थोपटायची नाही, ठोकायची.

११. आठव्या नंबरला दोघांचा टाइम सेम टू सेम आला तर?

तर स्विम-ऑफ. दोघंच परत पोहतात, जो जिंकला तो फायनलला, आणि तिथंही टाइम सेम आला तर पुन्हा एकदा. तिघं असतील तर तिघं. सोळाव्या नंबरला, म्हणजे सेमीच्या शेवटच्या जागेला, पण हाच नियम. कधी कधी एकजण म्हणतो मला नाही पोहायचं परत, मग दुसरा सरळ आत. फायनलमध्ये मात्र स्विम-ऑफ नाही, दोघांना एकच नंबर आणि दोघांना मेडल. रिओला १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, चॅड ले क्लो आणि लास्लो चेह तिघंही ५१.१४ आणि तिघांनाही सिल्व्हर, ब्राँझ कुणालाच नाही.

लोक म्हणतात हजारावा भाग मोजा की मग. तो मोजून झालाय. १९७२ च्या म्युनिकला ४०० आयएममध्ये (एकट्यानं चारही स्ट्रोक पोहायची रेस) स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांचा टाइम ४:३१.९८, मग हजारावा बघितला आणि लार्सनला २ हजारांश सेकंदानं गोल्ड दिलं. त्यानंतर नियम बदलला आणि शंभराव्यावरच थांबायचं ठरलं. कारण एवढ्या वेळात पोहणारा काही मिलिमीटरच सरकतो, आणि तलाव बांधताना दोन लेनच्या लांबीत त्याहून जास्त फरक पडू शकतो. गवंड्याच्या हातावर गोल्ड कसं ठरवणार.

१२. हीटमध्ये पूर्ण जोर लावायचा की फायनलसाठी राखून ठेवायचा?

राखून ठेवणं ही चैन ज्याचा टाइम बाकीच्यांच्या दोन-तीन सेकंद पुढं आहे त्यालाच परवडते. एन्ट्री टाइममध्ये तुझा नंबर सहा ते बारामध्ये असेल तर तुझी खरी फायनल सकाळची हीटच आहे, लाव सगळा जोर. पहिल्या दोन-तीनमध्ये असशील तर शेवटचे पंधरा मीटर जरा सावकाश चालतं, पण तेही लेन बघून, कारण हीटच्या टाइमवर फायनलची लेन ठरते.

बहुतेक मोठ्या स्पर्धांत हीट सकाळी आणि फायनल संध्याकाळी. बीजिंगला २००८ साली अमेरिकेच्या टीव्हीसाठी उलटं केलं होतं, हीट संध्याकाळी आणि फायनल सकाळी. मधल्या वेळात काय करायचं हे पालकांच्या हातात असतं. हीट झाली की लगेच बसायचं नाही, हळूहळू पोहून अंग मोकळं करायचं, मग हलकं जेवण, झोप. आणि सकाळी हीटच्या आधी मिसळ नको! कितीही नाशिककर असलात तरी नको. तर्रीची मिसळ खाऊन २०० आयएम पोहलेल्या पोराचं काय होतं ते मी लेनच्या टोकाला उभं राहून बघितलंय, वर्णन करत नाही. केळं, पोहे, इडली बस झालं, मिसळ फायनलनंतर.

१३. हीटमध्ये डीक्यू झालो तर संधी संपली का?

त्या इव्हेंटपुरती संपली. डीक्यू म्हणजे डिस्क्वालिफाय, टाइम कितीही भारी असो यादीतून नाव जातं आणि खालचे एकेक नंबर वर सरकतात. दुसऱ्या इव्हेंटवर त्याचा परिणाम नाही.

आपल्याकडच्या पोरांचे डीक्यू बहुतेक ठरावीक गोष्टींवर जातात. ब्रेस्ट आणि बटरफ्लायला टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, एक हात आधी लागला की गेलं. बॅकस्ट्रोकला शेवटचा टच पाठीवर असतानाच, लहान पोरं भिंत बघायला वळतात आणि तिथंच फसतात. फ्री, बॅक, बटरफ्लायला स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली १५ मीटरच्या पुढं जायचं नाही, त्याआधी डोकं वर आलं पाहिजे. ब्रेस्टला पाण्याखाली एकच डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेली बटरफ्लायसारखी लाथ. स्टार्टचं प्रश्न १४ मध्ये वेगळं लिहिलंय.

फ्रीस्टाइलमध्ये दम लागून मध्येच तळावर उभं राहिलं तर डीक्यू नाही, पण चालायचं नाही आणि तळाला रेटा देऊन पुढं जायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पोरं उभी राहिली की रडत बाहेर येतात. बाहेर येऊ नको रे, श्वास घे आणि पोह.

१४. शेजारच्यानं आधी उडी मारली आणि त्याला बघून माझीपण पडली. माझी काय चूक?

आता पहिल्या फॉल्स स्टार्टलाच बाहेर, दुसरी संधी वगैरे जुन्या काळची गोष्ट. सिग्नलच्या आधी सुटलास की डीक्यू होऊ शकतो, आणि शेजाऱ्यामुळे पडलास की स्वतःहून हे रेफरी बघून ठरवतो. सिग्नल वाजून गेला असेल तर रेस थांबवत नाहीत, सगळे पूर्ण पोहतात आणि डीक्यू नंतर सांगतात, म्हणून कुणी कितीही ओरडलं तरी मध्येच थांबायचं नाही. सिग्नलच्या आधीच डीक्यू जाहीर झाला तर बाकीच्यांना परत बोलावून नव्यानं स्टार्ट.

अजून एक कमी लोकांना माहीत असलेला नियम. शेजारचा तुमच्या लेनमध्ये घुसला, धडकला आणि त्यामुळे तुमची संधी गेली असं रेफरीला पटलं तर तो तुम्हाला पुढच्या हीटमध्ये पोहायची परवानगी देऊ शकतो, आणि शेवटची हीट किंवा फायनल असेल तर ती परत घ्यायला सांगू शकतो.

१५. बारक्याला अजून डाइव्ह येत नाही, पाण्यातून स्टार्ट चालेल का?

नियमात फ्री, ब्रेस्ट, बटरफ्लाय आणि आयएमचा स्टार्ट डाइव्हनंच आहे, पाण्यातून फक्त बॅकस्ट्रोक. छोट्या क्लब मीटमध्ये लहान गटाला सूट देतात, आयोजकांना आधी विचारा. कडेवरून पोटावर धपकन पडलं तरी ती डाइव्हच, त्याला मार्क नसतात.

१६. फायनलला नाव आलं पण तब्येत बिघडली. सांगावं लागतं का? आणि लिस्टमध्ये खाली रिझर्व्ह लिहिलेली दोन नावं कसली?

सांगावं लागतं, आणि लवकर. वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या नियमात ज्या सेशनमध्ये क्वालिफाय झालात ते संपल्यापासून ३० मिनिटांत सांगायचं असतं. आपल्याकडे वेळ वेगळी ठेवलेली असू शकते पण कल्पना तीच. तुम्ही नाव काढलं की नववा आत येतो आणि लेन परत मांडतात. रिझर्व्ह म्हणजे हेच, नववा आणि दहावा, सेमी असेल तर सतरावा आणि अठरावा. २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला केटी लेडेकीसारखीनं सुद्धा आजारपणामुळे १५०० ची हीट पोहून फायनल सोडली होती.

न सांगता गैरहजर राहिलं तर लेन रिकामी जाते आणि बाहेर एक पोरगं कॉस्च्यूम घालून वाट बघत बसलेलं असतं. रिझर्व्ह असाल तर घरी जाऊ नका. सिडकोत घरी जाऊन जेवून येतो म्हणणाऱ्याचा नंबर लागतो तेव्हा नेमका फोन लागत नाही.

१७. हीटमध्ये ५८.२० मारले, फायनलला गोल्डवाला ५८.९० नं जिंकला. मग मेडल माझं नको का?

नको. फायनल झाली की मेडल फायनलच्याच टाइमवर, हीटचा टाइम फक्त आत येण्यासाठी. पण ५८.२० वाया जात नाही, तो तुमचा अधिकृत टाइम आहे, पुढच्या एन्ट्रीला तोच लिहा, आणि मीट रेकॉर्ड किंवा अगदी वर्ल्ड रेकॉर्डसुद्धा हीटमध्ये झालं तरी धरतात. असंच बी फायनलचं, काही स्पर्धांत ९ ते १६ नंबरसाठी वेगळी फायनल ठेवतात, तिथला पहिला मुख्य फायनलच्या आठव्यापेक्षा फास्ट आला तरी तो नववाच.

१८. रिलेमध्ये हीट वेगळ्यांनी पोहली आणि फायनल वेगळ्यांनी तर चालतं का?

चालतं, नावं आधी देऊन ठेवलेल्या वेळेत बदलून द्यायची. मोठे देश हेच करतात, सकाळी दुसऱ्या फळीला पोहवतात आणि संध्याकाळी स्टार उतरवतात, ऑलिम्पिकला हीट पोहलेल्यांनाही मेडल मिळतं. दिलेल्या क्रमानंच पोहायचं, आयत्या वेळी "तू आधी जा" केलं की टीम बाद. आधीच्यानं भिंतीला हात लावायच्या आत पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटले तरी बाद.

आणि पहिल्या पोहणाऱ्याचा टाइम त्याचा स्वतःचा अधिकृत टाइम म्हणून धरतात, पुढच्यांच्या चुकीनं टीम बाद झाली तरी त्याचा टाइम राहतो. बाकी तिघांचा धरत नाहीत कारण ते आधीच्याला येताना बघत अंदाजानं सुटतात.

१९. हीटमध्ये एकटाच राहिलो तर?

दोन किंवा जास्त हीट असतील तर प्रत्येकीत निदान तीन नावं टाकायचा नियम आहे, पण आयत्या वेळी कुणी आलं नाही तर एकटंही पोहावं लागतं. २००० च्या सिडनीला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी १०० फ्रीच्या हीटमध्ये तिघांपैकी एक होता, बाकीचे दोघं फॉल्स स्टार्टनं बाद झाले आणि हा एकटा १:५२.७२ मध्ये पोहला, शेवटी शेवटी तर बुडतो की काय वाटत होतं. पूर्ण केलं ना, टाइम लागला. एकटं असाल तरी नियम सगळे लागू, टच नीट करा.

२०. ऑलिम्पिकला क्वालिफाय होणं म्हणजे पण हीटच असते का? ए कट, बी कट काय भानगड?

ती हीट नाही. तिथं ठरलेल्या मुदतीत, मान्यता असलेल्या स्पर्धेत, ५० मीटरच्या तलावावर ठरलेला टाइम मारायचा असतो. ए कट मारला की थेट जागा, पण एका देशाचे एका इव्हेंटला जास्तीत जास्त दोघंच. बी कट थोडा सैल असतो, तो मारून फक्त रांगेत उभं राहता येतं, जागा उरल्या तर बोलावणं. आणि ज्या देशाचं कुणीच क्वालिफाय होत नाही त्यांच्यासाठी युनिव्हर्सॅलिटी कोटा, मुसांबानी अशाच सवलतीतून आलेला.

भारताचा पहिला ए कट सजन प्रकाशचा, जून २०२१ मध्ये रोमला २०० बटरफ्लाय १:५६.३८, कट होता १:५६.४८. लगेच श्रीहरी नटराजनं तिथंच टाइम ट्रायलमध्ये १०० बॅक ५३.७७ केलं, कट ५३.८५. एवढ्याशा फरकानं. पॅरिसला मात्र आपले दोघंही, श्रीहरी आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघू, युनिव्हर्सॅलिटीतून गेले. आपल्या महाराष्ट्रातला बघायचा तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे, २००८ ला बीजिंग ऑलिम्पिक आणि २०१० च्या एशियन गेम्सला ५० बटरफ्लायचं ब्राँझ, त्याआधीचं आपलं स्विमिंगचं एशियन मेडल १९८६ चं खजान सिंगचं.

२१. निकाल चुकीचा वाटला तर तक्रार कुठं करायची?

टाइमकीपरकडं नाही, ही पहिली विनंती. आमच्या हातात घड्याळ असतं, निर्णय नसतो. प्रोटेस्ट लेखी द्यायचा, रेफरीकडं, टीमच्या मॅनेजरनं किंवा कोचनं, पालकांनी नाही, आणि रेस संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत, सोबत ठरलेली फी. प्रोटेस्ट मान्य झाला की फी परत. तलावाची किंवा लेनची काही अडचण रेसच्या आधीच माहीत असेल, दोरी तुटलीय, ब्लॉक हलतोय वगैरे, तर ते स्टार्टच्या सिग्नलआधी सांगायचं, हरल्यावर सांगून चालत नाही. मोबाइलचा व्हिडिओ घेऊन येतात लोक, पण आयोजकांच्या अधिकृत कॅमेऱ्याशिवाय दुसरा व्हिडिओ रेफरीनं बघावा अशी अपेक्षा ठेवू नका. डीक्यू कशासाठी दिला ते विचारायचा हक्क कोचला आहे, शांतपणे विचारलं तर स्ट्रोक जजचा कागद दाखवतात, त्यावर कितव्या टर्नला काय चुकलं ते लिहिलेलं असतं, तो मुलाला वाचायला द्या.